तुम्हांला शिकवायला कोण आले?

2018 साली फ्रान्समध्ये मार्सेय शहरी आमच्या धाकट्या कन्येचा विवाह झाला. जावई मोरोक्कोहून आलेल्या यहुदी घराण्यातले. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसे जेवायला बसली असता विहीणबाईंनी आमच्या ताटात मासळी वाढता वाढता फ्रेंचमध्ये एक लांबलचक प्रश्न विचारला. आम्ही मुलीकडे पाहिले. तिने विहीणबाईंना दोन शब्दांत काही उत्तर दिले आणि आम्हांला मराठीत म्हणाली, "काही नाही गं आई, शाळेबद्दल विचारत होत्या." विहीणबाई अजून आमच्याच तोंडाकडे पाहत होत्या. उत्तर मिळाले नाही हे त्यांना कळले होते, आणि प्रश्न मिळाला नाही हे आम्हांला कळले होते. पस्तीस वर्षे ज्या बाईने रुग्णांच्या कण्हण्यावरूनसुद्धा त्यांना काय हवे ते ओळखले, तिला स्वतःच्या विहिणीशी बोलता येऊ नये, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

परत आल्यावर मिल्टन कीन्स येथील एका कॉलेजात संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात आम्ही नाव घातले. पहिली दोन वर्षे बाळबोध वर्गात गेली, मध्ये महामारी आली, आणि नंतर आम्हांला 'इंटरमीजिएट' वर्गात चढवण्यात आले. हा शब्द ऐकून आम्हांला हसू आले. आमच्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल की शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट अशा दोन परीक्षा असत; एलिमेंटरीत आम्ही कसेबसे पास झालो आणि इंटरमीजिएटला स्थिरचित्रातील तांब्या वाकडा काढून नापास झालो. आमच्या वडिलांच्या पिढीत तर 'इंटर' म्हणजे मॅट्रिक आणि बी.ए. यांच्या मधला टप्पा. "मुलगा इंटरपर्यंत शिकलेला आहे" असे स्थळ सांगताना म्हणत, आणि त्याचा अर्थ बहुधा पुढे जमले नाही असा असे! दहावी-बारावीची नवी पद्धत आली आणि ते इंटर गेले. आम्ही स्वतः 1975 साली, म्हणजे महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली त्या वर्षी, पनवेलच्या मराठी शाळेतून एस.एस.सी. झालो, त्यामुळे इंटर व्हायचे राहून गेले होते ते असे पासष्टीत आमच्या वाट्यास आले.

वर्गात आम्ही दहाबारा जण. वोल्व्हर्टनच्या रेल्वे कारखान्यात जन्म काढलेले एक गृहस्थ, एक निवृत्त शिक्षिका, फ्रान्समध्ये घर घेऊन बसलेले आणि आता तेथील नळवाल्याशी भांडता येत नाही म्हणून आलेले एक जोडपे, आणि घाना देशाची एक परिचारिका. या शेवटच्या बाईंशी आमचे चटकन जमले. घानाच्या तिन्ही बाजूंचे देश फ्रेंच बोलणारे, आणि त्यांची बहीण शेजारच्या टोगोमध्ये दिलेली. बहिणीच्या मुलांशी बोलता यावे एवढाच त्यांचा हेतू. आमची शिक्षिका, जिला आम्ही सारे मादाम म्हणतो, उत्तर फ्रान्सची. वर्गात इंग्रजी शब्द उच्चारला की ती कानावर हात ठेवते.

इंटरमीजिएट हा शब्द आता युरोपभर मोजूनमापून वापरतात. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने 2001 साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए-वन पासून सी-टू पर्यंत. मधल्या दोन, बी-वन व बी-टू, म्हणजे आमचा वर्ग. परंतु या पायऱ्यांचे मूळ त्याहून जुने आहे. परक्या देशात जाऊन राहणाऱ्या प्रौढ माणसाला तेथे स्वतःच्या पायावर उभे राहण्यास निदान किती भाषा लागते याचा हिशेब त्या संस्थेने 1975 साली इंग्रजीसाठी आणि 1976 साली फ्रेंचसाठी मांडला. फ्रेंच हिशेबाचे नाव होते 'निव्हो-सय', म्हणजे उंबरठ्याची पातळी. दुकानात वस्तू मागणे, डॉक्टरला दुखणे सांगणे, तक्रार करणे, आमंत्रण नाकारणे, असे एकेक व्यवहार घेऊन त्यांनी ती पातळी आखली. उंबरठा हा शब्द आम्हांला आवडला. उंबरठ्यावरचा माणूस आत आलेला नसतो, पण बाहेरचाही राहिलेला नसतो. इस्रायलमध्ये उल्पानात बसलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या वर्गातील इंग्रज मंडळींची फ्रेंचशी जुनी तेढ आहे, आणि तिलाही इतिहास आहे. एके काळी येथे फ्रेंच शिकणे हे ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडक मुलांच्या वाट्याचे होते. 1964 पासून दहा वर्षे सरकारने इंग्लंडमधील काही प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग केला. टेपरेकॉर्डर आले, चित्रांच्या पट्ट्या आल्या. 1974 साली त्याचा अहवाल निघाला, तेव्हा लवकर सुरुवात केल्याने मुले पुढे फारशी सरस ठरत नाहीत असा निष्कर्ष आला आणि प्रयोग गुंडाळला गेला. गंमत म्हणजे त्याच सुमारास, 1973 च्या 1 जानेवारीला, ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात दाखल झाले होते. पुढे सोळाव्या वर्षापर्यंत परभाषा सक्तीची झाली. 2004 साली इंग्लंडमध्ये चौदाव्या वर्षानंतर ती ऐच्छिक करण्यात आली आणि फ्रेंच घेणारी मुले झपाट्याने घटली. 2020 साली तर देशच युरोपीय संघातून बाहेर पडला. रेल्वेचे गृहस्थ लहानपणी त्या टेपरेकॉर्डरच्या प्रयोगात सापडले होते. त्यांना अजून त्यातले एकच वाक्य येते, आणि ते माकडाविषयी आहे.

आणि ज्या गावात आम्ही हे शिकतो ते गावही आमच्याहून वयाने धाकटे! मिल्टन कीन्स हे नवे शहर म्हणून 23 जानेवारी 1967 रोजी जाहीर झाले. अडीच लाख वस्तीचा आराखडा, सरळ रेषांत आखलेले हमरस्ते आणि जिकडेतिकडे गोल चौक. आम्ही लग्न होऊन 1984 साली येथे आलो, त्याच वर्षी शहराचे मोठे रुग्णालय सुरू झाले. तेव्हा झाडे खांद्याएवढी होती. 2022 साली त्याला 'सिटी' हा दर्जा मिळाला. पण शिक्षणाच्या इतिहासात या गावाचे नाव आहे ते ओपन युनिव्हर्सिटीमुळे. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची कल्पना, जेनी ली या मंत्रीणबाईंची चिकाटी. 1969 साली विद्यापीठाला सनद मिळाली आणि येथील वॉल्टन हॉल या जुन्या वाड्याच्या आवारात ते आले. 1971 पासून पोस्टाने पुस्तके, आणि बीबीसीवर अवेळी व्याख्याने. आमच्या वॉर्डातील एक सिस्टर रात्रपाळी संपवून पहाटे ती व्याख्याने पाही आणि मगच झोपे. ती प्रसारणे 2006 च्या अखेरीस बंद झाली.

अशा या विद्यापीठाने पहिली जवळजवळ पंचवीस वर्षे परभाषा मात्र शिकवली नाही. गणित पोस्टाने जाते, विज्ञानाची पेटीसुद्धा पोस्टाने जाते, पण बोलणे पोस्टाने कसे जाणार, असा प्रश्न होता. शेवटी 1995 साली त्यांचा पहिला फ्रेंच अभ्यासक्रम निघाला. ध्वनिफिती व चित्रफिती घरी येत आणि अधूनमधून शिकवणीचे वर्ग भरत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तो अगदी आरंभापासून शिकवणारा नव्हता. शाळेत थोडे शिकून विसरलेल्या प्रौढांसाठी होता. म्हणजे आमच्या इंटरमीजिएटचाच तो मोठा भाऊ. आमच्या वर्गातील निवृत्त शिक्षिकेने तो केला होता, आणि त्या ध्वनिफिती तिने माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. वाजवायला यंत्र मात्र नाही.

आता थोडे आमच्या स्वतःच्या अभ्यासाविषयी. आम्हांला वाटले होते की या वयात डोके चालणार नाही. झाले उलटेच. जेथे इंग्रज अडखळत तेथे आमची गाडी सुरळीत जाई, आणि कारण एकच, मराठी शाळेतील व्याकरण. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद फ्रेंचमध्ये जसाच्या तसा आहे. विहीणबाईंना 'व्हू' म्हणायचे, नातीला 'त्यू'. त आणि द हे वर्ण फ्रेंच माणूस आमच्यासारखे दाताला जीभ लावून म्हणतो, इंग्रज मात्र ट आणि ड म्हणतात आणि मादाम डोळे मिटून घेते. नाकातले स्वर म्हणजे कोकणातल्या माणसाला काय शिकवायचे! नव्व्याण्णवला फ्रेंचमध्ये 'चार विसा आणि एकोणीस' म्हणतात. सारा वर्ग हसला. आम्ही हसलो नाही. आमची आजी नारळ मोजताना 'चार विसा' असेच म्हणे.

इंटरमीजिएटची खरी कसोटी दोन भूतकाळांची. घडून गेलेली एक गोष्ट सांगायची तर एक रूप, नेहमी घडत असलेली सांगायची तर दुसरे. मादामने फळ्यावर आकृत्या काढल्या, बाण काढले. आम्ही मनात म्हटले, "आईने मलिदा केला" आणि "आई दर वेळी मलिदा करी", यात आणखी काय आहे? मराठीत त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. तसेच तो भयंकर 'सब्जाँक्तिफ', ज्याच्या नावाने नळवाले जोडपे दोन आठवडे वर्गालाच आले नाही, तो आमच्या विध्यर्थाचा चुलतभाऊ: त्याने यावे, तिने बोलावे.

सर्वांत मोठी मजा झाली ती कर्माच्या लिंगाची. फ्रेंचमध्ये 'मी लिहिलेले पुस्तक' म्हणताना शेवटी 'एक्री' येते आणि 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'एक्रित'. का, तर चिठ्ठी स्त्रीलिंगी. लिहिणारा पुरुष की बाई याचा संबंध नाही. आणि हा बदल कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच होतो. इंग्रजांना हे अन्यायाचे वाटते. आम्ही हात वर करून सांगितले की आमच्या भाषेत तर हे रोजचे आहे: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. मादामने खडू खाली ठेवला आणि आम्हांला फळ्यावर तिन्ही वाक्ये लिहायला लावली. मिल्टन कीन्सच्या त्या फळ्यावर देवनागरी अक्षरे बहुधा प्रथमच उमटली असतील. शाळेतल्या आमच्या बाई दामल्यांचे व्याकरण जवळजवळ पाठ म्हणवून घेत. तेव्हा त्यांचा राग येई.

आणि एक सांगून टाकतो. अपघात विभागात आम्ही वर्षानुवर्षे 'ट्रायाज' हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला. हा फ्रेंच शब्द; मूळ अर्थ निवडणे, वेचणे. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने रणांगणावर जखमींचा क्रम हुद्द्यावरून नव्हे तर जखमेवरून लावण्याचा प्रघात घातला. आयुष्यभर तांदूळ निवडले आणि रुग्णही निवडले, दोन्हींना एकच क्रियापद चालले असते हे निवृत्तीनंतर कळले.

वसंत ऋतूतल्या सत्रात प्रत्येकाने दहा मिनिटे फ्रेंचमध्ये व्याख्यान द्यायचे असा नियम. आम्ही 'एक शाळा' हा विषय घेतला, कारण एव्हाना विहीणबाईंचा तो प्रश्न आम्हांला कळला होता. टेलिफोनवर एकदा धीर करून आम्ही विचारले, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होता? त्या हसल्या आणि त्यांनी सावकाश पुन्हा विचारले, "तुम्हांला शिकवायला कोण आले?"

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी साधा होता. त्यांच्याकडे शिकवायला आली ती आलिआन्स. पॅरिस येथे 1860 साली स्थापन झालेली आलिआन्स इझ्राएलित युनिव्हर्सेल ही संस्था; अदोल्फ क्रेम्यो यांच्यासारखे मंत्रिपद भूषवलेले वकील पुढे तिचे अध्यक्ष झाले. देशोदेशींच्या यहुद्यांना शिकवून त्यांना आपल्या पायावर उभे करावे हे तिचे ब्रीद. पहिली शाळा 1862 साली मोरोक्कोतील तेतुआन येथे, 1864 साली बगदाद येथे, आणि पाहता पाहता मोरोक्कोपासून इराणपर्यंत शाळांची रांग लागली. शिक्षक तयार करण्यासाठी पॅरिसमध्ये स्वतंत्र विद्यालय होते. गावोगावची हुशार मुले-मुली तेथे नेऊन, फ्रेंचमध्ये मुरवून, पुन्हा परगावी शिक्षक म्हणून धाडीत. मुलींच्या शिक्षणाला त्यांनी प्रथमपासून हात घातला, हे विसरता येणार नाही. इस्रायलमधील आमच्या वाचकांनी मिक्वे इस्राएल ही शेतकी शाळा पाहिली असेल. ती 1870 साली याच संस्थेच्या शार्ल नेटेर यांनी काढली. एलिएझेर बेन-येहुदा यांनी हिब्रू हिब्रूतूनच शिकवून दाखवली तीही यरुशलेममधील आलिआन्सच्या शाळेत. दिमोना, बेर-शेवा येथे आमचे लोक ज्या मोरोक्कन शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले, त्यांच्या तोंडी फ्रेंच कोठून आली त्याचे उत्तर येथे आहे.

कोकणात मात्र आलिआन्सची शाळा निघाली नाही. फ्रेंच माणूस आमच्या किनाऱ्याला आला, पण शिकवायला नव्हे. 1777 साली सँ ल्युबँ नावाचा एक फ्रेंच सरदार चौल बंदरात उतरून पुण्यास नाना फडणिसांच्या भेटीस गेला. फ्रान्सशी तह करण्याचे बोलणे होते. इंग्रजांच्या पोटात त्यामुळे गोळा आला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या कारणांत या भेटीचीही गणना होते. चौल-रेवदंडा म्हणजे आमच्या लोकांची जुनी वस्ती. घाणे चालवणाऱ्या आमच्या शनिवार तेल्यांपैकी कोणी त्या फरासिसाला पाहिले असेल काय? पाहिले असले तरी शनिवारी तेल नाही एवढेच त्याला ऐकावे लागले असेल.

मग आम्हांला शिकवायला कोण आले? वर्गात उभे राहून, हातात कागद न धरता, आम्ही हे सांगितले.

परंपरा सांगते की प्रथम दाविद राहाबी आले. त्यांनी आमच्या बायकांना मासळी निवडायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी वेगळी काढली, आणि हे आपलेच लोक आहेत अशी त्यांची खात्री पटली. झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांना त्यांनी शिकवून तयार केले, ते आमचे काझी. राहाबी हजार वर्षांपूर्वी आले की अठराव्या शतकात कोचीनहून, यावर विद्वानांचा वाद आहे. आमच्या आजीला तो वाद ठाऊक नव्हता आणि तिचे काही अडलेही नाही. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आमची पहिली मशीद बांधली. 1826 पासून कोचीनचे यहुदी शिक्षक व हझान आमच्यात येऊन राहिले. त्याच काळात मिशनरी आले. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत आमची मुले शिकली आणि आमची माणसे शिक्षकही झाली. 1829 साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले आणि 1832 साली त्यांनी हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीत छापले. त्यांचा हेतू आम्हांला ख्रिस्ती करण्याचा होता हे उघड आहे. आमच्या लोकांनी व्याकरण घेतले, हेतू परत केला.

पुढचा टप्पा आम्ही वर्गात जरा अभिमानाने सांगितला, कारण आता शिकवणारे आमच्यातलेच होते. योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी मुंबईत ससूनांच्या शाळेत अध्यापन केले, विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि तेफिल्लांची व धर्मग्रंथांची एकामागून एक मराठी भाषांतरे केली. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादातील चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. 1875 साली हाईम शमुवेल केहिमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईत इस्रायली शाळा काढली. या शाळेला लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य मिळाले. आणि येथे पॅरिसचा धागा पुन्हा हाती लागतो. ही लंडनची संस्था 1871 सालची. फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धात आलिआन्सचे काम विस्कळीत झाले, तेव्हा तेच कार्य इंग्लंडमधून चालवण्यासाठी ती उभी राहिली. म्हणजे आलिआन्स नाही तरी तिची धाकटी बहीण आमच्या दारी आली होती, आणि ती इंग्रजी बोलत होती.

दुसरा धागा याहून मजेचा आहे. माझगावची आमची ती शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. हे कदूरी बगदादचे. किशोरवयात ससूनांच्या पेढीत नोकरीस लागून पूर्वेकडे गेले आणि हाँगकाँग व शांघाय येथे कोट्यधीश झाले. त्यांचे शिक्षण कोठे झाले? बगदादच्या आलिआन्सच्या शाळेत! त्यांनीच बगदादमध्ये आलिआन्सच्या मुलींच्या शाळेला इमारत बांधून दिली, ती त्यांच्या पत्नीच्या, लॉरा कदूरी यांच्या नावाने चाले. फ्रेंच शाळेत शिकलेल्या मुलाने कमावलेला पैसा असा माझगावात येऊन आमच्या मुलांच्या मराठी-इंग्रजी-हिब्रू धड्यांना लागला. आमचे वडील त्या शाळेत होते. त्यांना रिबेका रूबेन या मुख्याध्यापिकांचा धाक मरेपर्यंत वाटे. 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या, विलायतेत शिकून आलेल्या या बाईंनी 1922 पासून 1950 पर्यंत ती शाळा चालवली. शाळा अजून आहे; आता तेथील बहुतेक मुले इतर समाजांची आहेत.

एवढे सांगून आम्ही खाली बसलो. दहाची सतरा मिनिटे झाली होती. घानाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेही मिशनचेच लोक आले. मादामने चार चुका दाखवल्या. चारही लिंगाच्या, आणि सर्व घाईत झालेल्या.

गेल्या वर्षी वल्हांडणाच्या सणाला आम्ही मार्सेयला गेलो, तेव्हा हे सारे विहीणबाईंना सांगितले. आमचे यजमान शेजारी बसून बटाटे सोलत होते. विहीणबाईंनी ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, तुमचे नशीब चांगले. त्यांच्या घरात अरबी बोलत. यहुद्यांची मोरोक्कोतील अरबी, जिच्यात हिब्रू शब्द मिसळलेले. शाळेत ती बोलायची नाही. शिक्षकांच्या लेखी ती अडाण्यांची भाषा. शाळेने त्यांना फ्रेंच दिली, हिशेब दिला, मार्सेयमधील पोस्टात चाळीस वर्षांची नोकरी दिली. आणि आपल्या आईशी पोटभर बोलण्याची भाषा त्यांच्याकडून सुटली. आई नव्वद वर्षे जगली आणि शेवटी दवाखान्यात तिला काय दुखते ते सांगता येईना. आम्ही परिचारिका, ते दृश्य आम्हांला वर्णन करून सांगावे लागले नाही.

आमचे नशीब चांगले, असे आम्हांला त्या दिवशी वाटले खरे. विल्सन आले ते मराठी शिकून. राजपूरकर, केहिमकर यांनी मराठी सोडली नाही. कोणाकडूनही शिकलो तरी आमच्या घरची भाषा घरात राहिली. पण मग रात्री झोप येईना. जे काम मोरोक्कोत पॅरिसच्या शिक्षकांनी केले ते आम्ही मिल्टन कीन्समध्ये आपल्या हातांनी केले नाही काय? मुली लहान असताना शाळेतल्या कोणी सांगितले की घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मुली मागे पडतील. आम्ही ऐकले. थोरलीला मराठी समजते, बोलता येत नाही. धाकटीला बोलता येते ते तिच्या आजीमुळे, कारण आजीला कोणी सल्ला दिला नव्हता.

आता नात पाच वर्षांची आहे आणि ती फ्रेंच बोलते. तिला मराठी शिकवावी तर फ्रेंचमधूनच शिकवावी लागते! यंदा आम्ही दोघी आज्या एकत्र बसून तिला सणांची नावे सांगत होतो. विहीणबाईंनी वल्हांडण संपल्यावरच्या त्यांच्या मिमुना सणाचे वर्णन केले. आम्ही आमच्या पूर्वजांची नावे सांगितली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्यांचा सण. विहीणबाईंनी आम्हांला थांबवून 'दारफाळणी' दोनदा म्हणायला लावले आणि योम किप्पुरला याहून चांगले नाव ऐकले नाही असे म्हणाल्या. नातीला बिरडे म्हणता येईना. ती बिर्दे म्हणते.

मग एलियाहू हनावीच्या मलिद्याची गोष्ट निघाली. पोहे, खोबरे, साखर, फळे. आमची आई करी, आजी करी. रीतिभूतकाळ अगदी बिनचूक लागत होता. पण आम्ही 'ल मलिदा' म्हटल्याबरोबर नातीने हरकत घेतली: "नाही, ला मलिदा." शेवटी आ आहे, म्हणजे स्त्रीलिंगी, असे तिच्या कानाला वाटते. आम्ही म्हटले, मराठीत तो मलिदा. ती म्हणाली, पण आपण फ्रेंच बोलतो आहोत. मिल्टन कीन्सला परत आल्यावर आम्ही मादामला विचारले. शब्दकोशात हा शब्द नाही, तेव्हा घरच्यांनी ठरवावे, असे ती म्हणाली. विहीणबाई नातीच्या बाजूच्या आहेत, जावई आमच्या, आणि कन्या म्हणते, मला यात ओढू नका. पुढच्या खेपेस पोहे येथूनच न्यायचे आहेत. मार्सेयला जाड पोहे मिळत नाहीत.